शेजारधर्म आणि बोलपट

बोलपट म्हणजे वेळेचा निव्वळ अपव्यय, असे कित्येक पालक म्हणतात. मला ते सरसकट मान्य नाही. ‘प्रभात’चा ‘शेजारी’ (१९४१) पाहावा. एक हिंदू व एक मुसलमान असे दोन वृद्ध स्नेही. धरण बांधणाऱ्या धनिकाच्या कपटाने त्यांच्यांत वितुष्ट येते. धरण फुटते तेव्हा हातात हात मिळतो खरा, पण मृत्यूच्या दारी! त्याच्या हिंदी ‘पडोसी’त शांताराम यांनी हिंदू ठाकूर मझहर खान यांजकडून व मुसलमान मिर्झा गजानन जागीरदार यांजकडून वठवून घेतला. शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्याखाली नित्य एकमेकांस भेटणाऱ्या आपणांस हा बोध अनावश्यक आहे काय? वर्गात चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत सांगताना मला हे दोघे आठवतात. विद्यार्थीमित्रहो, समेट करावयाचा तो धरण फुटण्यापूर्वीच करावा.