मिक्सटेपची जुनी पाटी

हल्ली 'मिक्सटेप' म्हणून येणारे बरेचसे हिप-हॉप म्हणजे साधे अल्बमच; पाटी तेवढी जुनी. पूर्वीची मिक्सटेप अनेकदा फुकट वाटली जाई आणि दुसऱ्यांच्या गाण्यांतून परवानगीविना उचललेल्या तुकड्यांवर, म्हणजे सॅम्पलवर, उभी राही. चान्स द रॅपरची २०१३ची 'ॲसिड रॅप' २०१९मध्ये स्ट्रीमिंगवर आली, तेव्हा 'ज्यूस' या गाण्याच्या जागी ३० सेकंदांचा खुलासा होता: सॅम्पलचा परवाना मिळाला नव्हता. मूळ कलावंताला मोबदला नको का, असे कोणी विचारेल. हवाच. पण अमेरिकेत दुसऱ्याचे प्रसिद्ध झालेले गाणे नव्याने गाऊन विकायला ठरीव दराचा कायदेशीर परवाना आहे. त्याच गाण्याच्या मूळ ध्वनिमुद्रणाचा तुकडा घ्यायचा तर मालकाची मर्जी लागते, आणि ती मिळवायला वकील पोसावे लागतात. तसाच दर सॅम्पललाही असता, तर जुन्या कलावंताला पैसे मिळाले असते आणि 'ज्यूस'ही जागेवर राहिले असते.