सही जुळत नाही

नोव्हेंबर उजाडला की निवृत्तिवेतनधारकांना आपण हयात असल्याची खात्री शासनाला पटवून द्यावी लागते. गेल्या वर्षी बँकेतील त्या रांगेत आमच्या परिचयाचे एक निवृत्त मुख्याध्यापक उभे होते. पाऊण तासाने त्यांचा क्रमांक आला. हयातीच्या दाखल्याबरोबर त्यांनी पैसे काढण्याची स्लिपही पुढे केली. खिडकीपलीकडच्या तरुणाने सही संगणकातील नमुन्याशी ताडून पाहिली आणि स्लिप परत सरकवली. सही जुळत नव्हती. त्यांनी पुन्हा सही केली, ती पहिलीशीही जुळेना. मागची रांग चुळबुळू लागली, तसा हात अधिकच कापू लागला. ज्यांच्या सहीने हजारो मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले प्रमाण ठरले, ते गृहस्थ स्वतःच्याच सहीला पारखे होऊन रिकाम्या हाताने घरी परतले.

त्यांना कंपवात आहे. लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या व्याधीचे वर्णन प्रसिद्ध केले, म्हणून तिला पार्किन्सनचा आजार म्हणतात. हात थरथरणे म्हणजेच हा आजार, ही समजूत मात्र अपुरी आहे; कित्येक रुग्णांत कंप जवळजवळ नसतोच. मेंदूत डोपामिन नावाचे द्रव्य निर्माण करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात आणि निरोगी माणूस ज्या हालचाली नकळत करतो, त्या प्रत्येक हालचालीला रुग्णाला जणू स्वतंत्र हुकूम सोडावा लागतो. सदऱ्याची गुंडी, साडीच्या निऱ्या, अंथरुणात कुशीवर वळणे, ही सारी कामे होतात. वेळ मात्र चौपट लागतो. गंमत अशी (आणि तिला गंमत म्हणण्याचा अधिकार रुग्णाचाच), की जिना धडधड चढून जाणारा माणूस घराच्या उंबरठ्याशी पाय खिळल्यासारखा उभा राहतो. समोर ओलांडायला एखादी रेघ दिसली, किंवा कोणी “एक, दोन” असा ठेका धरला, की तोच पाय बहुधा सुटतो.

अक्षराचेही तसेच आहे. ओळीच्या आरंभी ते ठीक असते, शेवटास पोहोचेपर्यंत मुंगीएवढे होते. आणि रेघांचा आधार मिळाला तर पुष्कळदा आकार टिकतो. आमच्या मुख्याध्यापकांनी हल्ली दुरेघी वही आणली आहे. पहिलीच्या मुलांना जी सक्तीने घ्यायला लावली, तिच्यात ते आता रोज सकाळी स्वतःचे नाव दहा वेळा गिरवतात.

सकाळी, कारण तेव्हा गोळीचा अंमल असतो. लेव्होडोपा हे औषध आजही या आजारातील मुख्य आधार आहे. तो रोग बरा करीत नाही, काही तासांची मोकळीक देतो. आजार जुना झाला की ही मोकळीक आखूड होते. वरण, दूध, अंडी यांतील प्रथिने या औषधाच्या शोषणाला आड येऊ शकतात, म्हणून पुष्कळांना जेवणाची वेळही गोळीभोवती बेतावी लागते. साडेदहाला साधणारी सही साडेबाराला साधत नाही, ती यामुळे. त्यातच चेहऱ्यावरील भाव मावळतात, आवाज खोल जातो, उत्तर सावकाश येते. मग समोरचा कोणी त्या माणसाला शिष्ट समजतो, कोणी बहिरा. बसमध्ये तोल गेला तर मद्यपी ठरायलाही वेळ लागत नाही.

कायद्याने या मंडळींना वाऱ्यावर सोडले आहे, असे म्हणता येणार नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाच्या अनुसूचीत या आजाराचा नावानिशी उल्लेख आहे. सही करू न शकणाऱ्या वृद्ध वा आजारी खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर, ज्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा, घेऊन पैसे देण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेच्या सूचनांत आहे. सत्तरीपुढील आणि दिव्यांग खातेदारांना घरपोच सेवा देण्याचे निर्देश २०१७ साली निघाले. २०२१ पासून चेहऱ्याच्या ओळखीवर हयातीचा दाखला घरबसल्या देता येतो. नियम चांगले आहेत. ते परिपत्रकातून खिडकीपर्यंत उतरत नाहीत, एवढाच प्रश्न आहे.

खिडकीतल्या तरुणाला आम्ही दोष देणार नाही. खोट्या सहीवर पैसे गेले तर चौकशी त्याचीच होते, आणि हा आजार कसा दिसतो हे त्याला कोणी शिकवलेले नसते. परंतु “मग अंगठा द्या ना” असे तो सहज म्हणून गेला, तेव्हा आपण काय बोललो हे त्याच्या ध्यानी आले नाही. ज्या पिढीतील शिक्षकांनी प्रौढ साक्षरतेचे वर्ग चालवून आयाबायांना अंगठ्यावरून सहीवर आणले, त्यांच्यापुढे शाईचा पॅड सरकवणे नियमात बसत असेल, पण ते इतके हलक्या हाताने करण्याचे काम नव्हे. अंगठा हा शेवटचा उपाय असावा.

त्याआधी करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्याला फारसा खर्चही नाही. वैद्यकीय प्रमाणपत्र देणाऱ्या खातेदाराच्या सहीचा नमुना दरवर्षी हयातीच्या दाखल्याबरोबर नव्याने घ्यावा. त्याच्या औषधाची वेळ विचारून त्याला बोलवावे, बसायला खुर्ची द्यावी, आणि सही होत असताना त्याच्या हाताकडे टक लावून पाहू नये. पाहिले की कंप वाढतो, हे परीक्षेच्या दालनात पर्यवेक्षण केलेल्या शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

मुख्याध्यापकांचे काम पुढील आठवड्यात झाले. शाखाधिकाऱ्यांनी त्यांना सकाळी, गोळी घेतल्यावर तासाभराने बोलावले, टेबलाशी बसवले, नमुन्याचा कोरा कागद पुढे ठेवला आणि स्वतः एक फाइल चाळीत बसले. सही झाली. तिचा नमुना आता संगणकात आहे. येत्या नोव्हेंबरात तो जुळेल की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही.