सीमेपलीकडचा डॉक्टर



संतपूर व औरादच्या परिसरातील कुटुंबांना उदगीर, देगलूर, लातूर ही गावे कधीच परकी वाटली नाहीत. लेकी तिकडे दिल्या, सुना तिकडून आणल्या आणि दुखणे बळावले की दवाखान्याची वाटही तिकडचीच धरली. कलबुर्गी जिल्ह्यातील आळंदच्या बाजूचे लोक सोलापूर गाठतात, तेही याच न्यायाने. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य विसर्जित झाले. जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्याकडे गेले आणि आपला मुलूख म्हैसूर राज्यात आला. नकाशावर रेघ उमटली. माणसांच्या पायाखालची वाट मात्र मोडली नाही.

आता त्या वाटेच्या जोडीस आणखी एक वाट आली आहे, ती मोबाईलची. डॉक्टर तिकडे आपल्या दवाखान्यात, रोगी इकडे आपल्या ओसरीवर, आणि विचारपूस व्हिडिओवर. मधुमेहाच्या एखाद्या आजीला दरमहा लातूरला न्यावयाचे म्हणजे गाडीभाडे आले, सोबत जाणाऱ्या मुलाची मजुरी बुडाली, दिवस मोडला. एवढे करून डॉक्टर म्हणणार, ‘साखर ठीक आहे, याच गोळ्या चालू ठेवा.’ हेच वाक्य घरबसल्या ऐकावयास मिळाले तर कोणास नको आहे? परंतु पुष्कळांच्या मनात एक शंका घर करून बसली आहे. डॉक्टर महाराष्ट्रातले आणि रोगी कर्नाटकातला. मग हे कायद्यात बसते काय? शंका रास्त आहे. तिचे उत्तर ठाऊक नसल्यामुळे कोणी औषध मध्येच सोडून देतो, तर कोणी फोनवर नको तेवढा भरवसा ठेवतो. दोन्ही गोष्टी सारख्याच घातक आहेत.

योगायोग असा की, ज्या वर्षी ही रेघ उमटली त्याच वर्षाच्या अखेरीस, ३० डिसेंबर १९५६ रोजी, भारतीय वैद्यक परिषदेचा कायदा झाला. अखिल भारतीय नोंदवहीत ज्या डॉक्टरचे नाव आहे, त्यास देशाच्या कोणत्याही भागात व्यवसाय करण्याचा हक्क त्या कायद्याने दिला. २०२० साली त्याची जागा राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कायद्याने घेतली. तथापि दूरध्वनीवरून उपचार करावे की नाही, याविषयी स्पष्ट नियम बराच काळ नव्हता. २०१८ साली रत्नागिरीच्या एका प्रकरणात, डॉक्टर हजर नसताना फोनवरून सांगितलेल्या औषधांवर ठेवलेली एक बाळंतीण दगावली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्या डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला. तेव्हापासून अनेक डॉक्टर फोनवर सल्ला देण्यास कचरू लागले.

पुढे टाळेबंदीच्या आरंभी, २५ मार्च २०२० रोजी, केंद्र सरकारने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत निःसंदिग्धपणे म्हटले आहे की, नोंदणीकृत डॉक्टर देशाच्या कोणत्याही भागातील रोग्यास दूरध्वनी, व्हिडिओ किंवा लेखी संदेशाद्वारे सल्ला देऊ शकतो. म्हणजे लातूरच्या डॉक्टरने संतपूरच्या रोग्यास सल्ला देणे पूर्णपणे कायदेशीर आहे. ही सवलत लहान समजू नये. अमेरिकेत रोगी ज्या राज्यात बसला असेल त्या राज्याचा परवाना डॉक्टरपाशी असावा लागतो. महामारीत तेथील राज्यांनी हा नियम सैल केला होता; तो पुन्हा आवळला तेव्हा काही रोगी मोटार घेऊन राज्याची हद्द ओलांडू लागले आणि पलीकडे गाडी उभी करून तिच्यातूनच आपल्या डॉक्टरशी बोलू लागले. आपल्यावर ती पाळी नाही.

मग सीमा संपली म्हणावयाचे काय? नाही. आवाजाला रेघ नाही, देहाला आहे. २०२० सालच्या त्याच मार्च महिन्यात कर्नाटकाने केरळकडील रस्ते अडविले. कासरगोडचे रोगी पिढ्यान्‌पिढ्या मंगळूरच्या इस्पितळांवर अवलंबून असलेले. तलपाडीच्या नाक्यावर त्यांच्या गाड्या थांबल्या आणि उपचाराअभावी माणसे दगावली. १ एप्रिल रोजी केरळ उच्च न्यायालयास रस्ता मोकळा करण्याचा आदेश द्यावा लागला. आपले उदगीर-लातूर म्हणजे त्यांचे मंगळूरच होय. म्हणून आवाजाच्या वाटेचा उपयोग कोठवर आहे, हे प्रत्येक घराने जाणून घ्यावे.

त्या तत्त्वांतील एक नियम आपल्या फार कामाचा आहे. डॉक्टरने रोग्यास एकदा समक्ष तपासले असेल, तर त्याच दुखण्यासाठी पुढील सहा महिन्यांतील भेट ही फेरतपासणी मानली जाते. अशा रोग्याची औषधे फोनवरून चालू ठेवणे किंवा त्यांत भर घालणे डॉक्टरला सोपे जाते. अगदी नव्या रोग्यास मात्र फोनवरून मोजकीच औषधे देता येतात, आणि झोपेची व नशेची जी औषधे कायद्याने विशेष कडक बंधनात ठेवली आहेत, ती फोनवरून मुळीच देता येत नाहीत. तेव्हा शहाणपणाचा मार्ग असा : रक्तदाब, मधुमेह यांसारख्या जुनाट दुखण्यात सहा महिन्यांतून एकदा तरी आजीला डॉक्टरपुढे न्यावे, आणि मधल्या काळातील फेऱ्या, डॉक्टर मान्य करतील तेथे, फोनवर भागवाव्या.

दुसरी गोष्ट चिठ्ठीची. फोनवर सल्ला देणाऱ्या डॉक्टरनेही औषधाची सही केलेली चिठ्ठी मोबाईलवर पाठवावयाची असते आणि तीवर आपला नोंदणी क्रमांक घालावयाचा असतो. तो पाहिल्यावाचून औषध घेऊ नये. तोंडी सांगितलेले नाव दुकानदाराकडे जाईपर्यंत बदलून जाते, आणि गोळीचे नाव एका अक्षराने चुकले तर गोळीच निराळी येते. चिठ्ठी पलीकडच्या राज्यातील आहे एवढ्यावरून ती कुचकामी ठरत नाही. जुन्या चिठ्ठ्या, रक्ताचे अहवाल व चालू गोळ्यांची पाकिटे एका डब्यात ठेवावी. डॉक्टरचा हात नाडीपर्यंत पोहोचत नाही, तेव्हा हा डबाच त्याचे डोळे होतो.

तिसरी गोष्ट भाषेची. आपल्या म्हाताऱ्या माणसांना दुखण्याचे शब्द भरपूर आहेत. कळ येते, चमक निघते, ठणका लागतो, आग होते, पोटात गोळा उठतो, जीव घाबरा होतो. यांतील प्रत्येक शब्द डॉक्टरला निराळी दिशा दाखवितो. परंतु शिकलेला नातू मध्येच फोन घेतो आणि ‘आजीचे दुखते आहे’ एवढेच सांगून मोकळा होतो. असे करू नये. आजीला आपल्या शब्दांत बोलू द्यावे. सरकारची ई-संजीवनी ही मोफत सेवा आहे. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तिच्यावर दहा कोटींहून अधिक सल्ले दिले गेले. तिची व्यवस्था राज्यवार असल्यामुळे कर्नाटकाच्या दालनात कन्नड बोलणारे डॉक्टर भेटणे स्वाभाविक आहे. अशा वेळी दोन्ही भाषा जाणणाऱ्या माणसाने शेजारी बसावे आणि शब्दाला शब्द सांगावा, आपल्या पदरचे काही घालू नये. मनाच्या दुखण्यासाठी १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तेथे मराठीतही बोलता येते. आणि हेही ध्यानात असावे की, सून किंवा लेक डॉक्टरशी बोलत असता सारे घर भोवती गोळा होणे बरे नव्हे. दवाखान्यात दार लोटून घेतात; घरातही तेवढा आडोसा तिला मिळाला पाहिजे.

चौथी गोष्ट पैशाची, आणि येथे रेघ सर्वांत ठळक आहे. २०१८ साली सुरू झालेली आयुष्मान भारत योजना परराज्यातील संलग्न इस्पितळांतही चालते. परंतु ती इस्पितळात दाखल होण्यासाठी आहे, फोनवरच्या फीसाठी नाही. आपल्या राज्यात तातडीचा प्रसंग सोडल्यास खासगी इस्पितळासाठी आधी सरकारी दवाखान्याची शिफारस लागते. महाराष्ट्राने २०२३ साली आपली महात्मा जोतीराव फुले आरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचे ठरविले, तेव्हा कर्नाटक सरकारने हरकत घेतली. सरकारांचा वाद सरकारे पाहतील; रोग्याला तोवर थांबता येत नाही. म्हणून शस्त्रक्रियेसाठी पलीकडे जावयाचे असेल, तर निघण्यापूर्वीच त्या इस्पितळातील आरोग्यमित्राला कार्ड दाखवून ‘हे येथे चालेल काय?’ असे स्पष्ट विचारून घ्यावे. कर्ज काढून दाखल झाल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. छातीत दाबून येणे, श्वास लागणे, तोंड वाकडे होणे किंवा एका बाजूचे हातपाय लुळे पडणे, सर्पदंश, गरोदरपणी रक्त जाणे, मुलाला झटके येणे, अशा प्रसंगी व्हिडिओवरील डॉक्टरची वाट पाहत बसू नये. १०८ ला फोन करावा, किंवा मिळेल त्या वाहनाने सर्वांत जवळचे मोठे इस्पितळ गाठावे. ते बिदरचे आहे की उदगीरचे, ओळखीचे आहे की नाही, हा विचार त्या घटकेला मनात आणू नये. नेहमीचा डॉक्टर पलीकडे आहे म्हणून जवळचे इस्पितळ ओलांडून जाणे हे भाबडेपण प्राणावर बेतते.

आपल्या गावात असे अनेक वृद्ध आहेत की ज्यांची मुले हैदराबाद, पुणे, मुंबईकडे कामाला गेली आहेत आणि ज्यांच्या हातातील मोबाईलला फक्त हिरवे बटण ठाऊक आहे. त्यांच्यासाठी कायद्याने मोकळी केलेली वाट अजून बंदच आहे. ती उघडण्यास मोठे धन लागत नाही. शिकलेल्या मुलामुलींनी आठवड्यातून एक तास काढून शेजारच्या आजीआजोबांच्या चिठ्ठ्या डब्यात नीट लावून द्याव्या, शेवटच्या समक्ष भेटीची तारीख वर लिहून ठेवावी, आणि भेटीच्या वेळी फोन धरून शेजारी बसावे. सहा महिने भरत आले की आठवणही त्यांनीच द्यावी. या आठवड्यात प्रत्येक घराने आपला डबा उघडून पाहावा, आणि मग शेजारचाही.