घारापुरीचे शिल्प ‘त्रिमूर्ती’ नव्हे

घारापुरीच्या मुख्य लेण्यातील दक्षिण भिंतीवरचे तीन मुखांचे शिल्प म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश, हा समज जुना असला तरी चुकीचा आहे. ते एकट्या शिवाचे, सदाशिवाचे रूप आहे. सुमारे साडेपाच मीटर उंचीच्या या शिल्पातील मधले मुख शिवाच्या तत्पुरुष या रूपाचे. पापण्या मिटलेल्या, भाव अथांग शांत. पाहणाऱ्याच्या डावीकडचे मुख त्याच्याच अघोर रूपाचे आहे. मिशा, चढलेल्या भुवया आणि हातातला नाग पाहिल्यावर तेथे ब्रह्मदेवाची कल्पना टिकत नाही. उजवीकडच्या वामदेवाचा चेहरा कोवळा, स्त्रीसुलभ, हाती कमळ. कमळामुळेच तो विष्णू ठरवला गेला असावा, पण त्याला उमेचे मुखही म्हणतात. शेजारचे शिल्पपटही शिवाचेच आहेत: एकीकडे अर्धनारीश्वर, दुसरीकडे गंगाधर. ब्रह्मा आणि विष्णू अर्धनारीश्वराच्या पटात दिसतात, मात्र शिवाभोवती जमलेल्या देवांमध्ये, लहान आकारात. सहाव्या शतकातील हे शैव लेणे १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. पाठ्यपुस्तकांनी आणि मार्गदर्शकांनी आता ‘त्रिमूर्ती’ हे नाव सोडून ‘सदाशिव’ म्हणावे.