डब्यातले बी कुणाचे?

मृग जवळ आला की कोल्हापुरातल्या बागवेड्यांना चैन पडत नाही. लक्ष्मीपुरीत बाजाराला गेलेला माणूस भाजीबरोबर बियांच्या दोन पुड्याही आणतो. प्रदर्शनातून चार पाकिटे येतात, गावाकडची मावशी रुमालात वरण्याचे बी बांधून देते. घरी जागा किती? गच्चीवर आठ-दहा कुंड्या, नाहीतर परसात एखादा वाफा. पाऊस सरतो, पुड्या डब्यातच राहतात आणि पुढच्या मृगाला त्यांत नव्यांची भर पडते.

या हौसेला हसू नये. माणूस पुडी घेतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे मांडवावर लोंबणारे दोडके असतात. पण बी म्हणजे सोने नव्हे, की कपाटात ठेवले आणि निर्धास्त झालो. बी जिवंत असते, श्वास घेते, म्हातारे होते. कांद्याचे बी जेमतेम वर्षभर धड राहते. वांगी-टोमॅटोचे कोरडे ठेवले तर चार-पाच वर्षे तग धरते. त्यात आपला आषाढ! जी हवा मिठाला पाणी सोडते, ती बियांना कशी सोडील? म्हणून तर जुन्या बायका बी राखेत घोळून, कडुलिंबाचा पाला घालून मडक्यात ठेवत आणि उरलेले शेजारीपाजारी वाटून टाकत.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी हीच रीत मोठी केली. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी घेवडा-वालापासून भातापर्यंतचे गावरान वाण जपले; २०२० साली त्यांना ‘पद्मश्री’ जाहीर झाली. त्यांच्या बियाणे बँकेचे मर्म साठ्यात नाही, देवघेवीत आहे. बी न्यावे, पेरावे आणि पीक आल्यावर दुपटीने परत करावे.

जगाचेही तसेच. नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात बर्फाळ डोंगराच्या पोटात २००८ साली बियांचे कोठार उघडले. सीरियातल्या युद्धामुळे अलेप्पोजवळचा बियाणेसंग्रह हाताबाहेर गेला, तेव्हा २०१५ मध्ये त्याच्या जोडप्रती या कोठारातून काढून लेबनॉन आणि मोरोक्कोत पेरल्या आणि २०१७ मध्ये नवे बी पुन्हा कोठारात ठेवले. उणे १८ अंशांतल्या बियांनाही अखेर माती लागतेच.

मग आपला डबा कुणासाठी बंद? मावशीचा तो वरणा कदाचित आणखी कुणाच्याच घरी नसेल. तो डब्यात मेला तर कुठल्याही दुकानात विकत मिळायचा नाही. तेव्हा येत्या मृगापूर्वी डबा उघडा. प्रत्येक पुडीतले दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळा. सात-आठ मोडले तर बी चांगले. आपल्या कुंड्यांपुरते ठेवा, बाकीचे शेजारी, शाळेत, गावी द्या. मात्र संकरित बी आणि गावरान बी वेगळे सांगून द्या. संकरिताचे पुढच्या पिढीत तेच रूप येत नाही.

आणि देताना एक अट जरूर घाला: ‘धरले तर मूठभर परत आणा.’ पुढे कधी आपली वेल गेली, तरी बी शेजारच्या मांडवावर सापडेल.