पिशवी कुजते, पण कुठे?

विरार स्टेशनबाहेर भाजी घेतली की हल्ली कधीकधी हाताला मऊ लागणारी, फिकट हिरवी पिशवी मिळते. 'घे बिनधास्त, मक्याची आहे,' असं भाजीवाल्या मावशी सांगतात.

राज्यात २०१८ मध्ये प्लॅस्टिकबंदी आली. १ जुलै २०२२ पासून केंद्रानेही एकदा वापरून फेकायच्या अनेक वस्तू बंद केल्या. केंद्राच्या नियमांत कम्पोस्टेबल पिशव्यांना मात्र मुभा आहे. मका किंवा उसाच्या साखरेपासून लॅक्टिक ॲसिड आणि त्यापासून पीएलए हे प्लॅस्टिक बनतं. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने ऑक्टोबर २०२४ मध्ये जेजुरीला याचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. उसाच्या राज्यासाठी ही भारीच बातमी! पण नुसतं पीएलए कडक असतं. पिशवी लवचिक व्हावी म्हणून त्यात पीबीएटी मिसळतात आणि ते बहुतेकदा खनिज तेलापासूनच बनतं. म्हणजे 'मक्याची' हे अर्धसत्य.

खरी मेख पुढे आहे. आयएस १७०८८ या मानकाच्या चाचणीत सुमारे ५८ अंश तापमान, ओलावा आणि हवा मिळाल्यावर १८० दिवसांत पिशवीचं ९० टक्के विघटन व्हावं लागतं. एवढी उष्णता मोठ्या कम्पोस्टिंग प्लांटमध्ये मिळते, सोसायटीच्या खतखड्ड्यात सहसा नाही.

आपला कचरा जातो गोखिवऱ्याच्या डम्पिंग ग्राउंडवर. तिथे सगळं एकत्र, वर उन्हाळ्यात आगी. ढिगाखाली हवा नाही, त्यामुळे पिशवी कुजायला खूप वेळ लागतो आणि जे कुजतं त्यातून मिथेन निघतो. नाल्यातून अर्नाळ्याच्या समुद्रात गेलेलं पीएलए तर वर्षानुवर्षं तसंच राहू शकतं. पिशवी भंगारवाल्याकडे गेली तरी पंचाईत, कारण जुनं प्लॅस्टिक वितळवून दाणा बनवताना हा माल मिसळला तर अख्खा लॉट बिघडतो.

त्यामुळे मला वाटतं, सध्या आपल्या शहरात या पिशवीपेक्षा आईची कापडी पिशवीच बरी. कम्पोस्टेबलचा आग्रह धरायचाच, तर महापालिकेने आधी ओला कचरा खरोखर वेगळा उचलावा आणि तो गरम कम्पोस्टिंगला न्यावा. नाहीतर पैसे जास्त मोजायचे आणि पिशवी त्याच ढिगात टाकायची, याला काय अर्थ?

आणखी एक. अधिकृत कम्पोस्टेबल पिशवीबाबत उत्पादकाचं नाव आणि प्रमाणपत्र क्रमांक देणं बंधनकारक आहे. मावशींच्या पिशवीवर शोधलं, तर फक्त हिरव्या पानाचं चित्र. कुठून आणता, विचारलं.

'होलसेलवाला देतो, बाळा. आम्ही काय वाचत बसतो का?'