नियम आधी, शर्यत नंतर

ढाणकी-उमरखेडच्या परिसरात शंकरपट म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आली. २०१७ मध्ये राज्य विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. न्यायालयातील वाद मिटला. पटाच्या मैदानावरील वाद मिटले, असे मात्र म्हणता येणार नाही. काठी, चाबूक आणि विजेचा धक्का देणारी साधने निषिद्ध आहेत, हे शासनाने स्पष्ट केले आहे. परंतु छकडा किती हलका असावा, चाकात कोणती सुधारणा चालावी, वेळ कोणत्या यंत्राने मोजावी, असे प्रश्न उद्या उपस्थित झाले, तर त्यांचा निवाडा कोणी व कशाच्या आधारे करावयाचा?

हा प्रश्न केवळ बैलगाडीचा नाही. मोटारींच्या शर्यतीत तो अर्धशतकापासून गाजत आहे. १९७८ साली स्वीडनमधील शर्यतीत ब्राभॅम संघाने मागील बाजूस मोठा पंखा बसविलेली मोटार उतरविली. पंखा इंजिन थंड ठेवण्यासाठी आहे, असे संघाचे म्हणणे होते. प्रत्यक्षात तो गाडीखालची हवा ओढून घेऊन तिला रस्त्याशी घट्ट धरून ठेवीत असे. निकी लाउडा सहज जिंकला. त्याचा विजय कायम राहिला. ती मोटार मात्र त्या स्पर्धेत पुन्हा धावली नाही.

२००९ साली ब्रॉन, टोयोटा आणि विल्यम्स या संघांनी नियमांतील शब्दांच्या फटीतून वाट काढून मोटारीच्या मागील भागात दुहेरी डिफ्यूझर बसविला. प्रतिस्पर्ध्यांनी तक्रार केली. अपील न्यायालयाने एप्रिलमध्ये ती फेटाळली, कारण लिखित नियमाचा भंग झालेला नव्हता. ब्रॉन संघाने त्या वर्षीचे विजेतेपद मिळविले आणि २०११ पासून नियम बदलून ही युक्ती सर्वांसाठीच बंद करण्यात आली. बुद्धीला तिचे फळ मिळाले आणि पुढची वाट सर्वांना सारखीच राहिली.

याच्या नेमके उलट २००६ मध्ये घडले. रेनॉ संघ २००५ पासून मोटारीत कंपन शोषणारे वजन वापरीत होता. हंगाम अर्ध्यावर आला असताना महासंघाने ते बेकायदा ठरविले. जर्मनीतील शर्यतीच्या पंचांनी ते ग्राह्य धरले, तेव्हा महासंघाने आपल्याच पंचांविरुद्ध अपील केले आणि तो जिंकला. तांत्रिक दृष्ट्या तो निर्णय बरोबर असेलही. परंतु काल चालणारी वस्तू आज एकाएकी का चालत नाही, हे कष्टाने ती घडविणाऱ्याला पटविणे कठीण असते.

या उदाहरणांतून निघणारा धडा सरळ आहे. जे नियमात निषिद्ध नाही, ते ज्याला सुचले त्याचे श्रेय त्याला मिळाले पाहिजे. ते खेळाला घातक ठरत असेल, तर नियम बदलावा. परंतु तो पुढील स्पर्धेपासून, जाहीरपणे आणि सर्वांसाठी. अपवाद एकच: प्राणाला धोका असेल किंवा मुक्या जिवाचे हाल होत असतील, तर तेथे क्षणाचाही विलंब क्षम्य नाही. तिसरी गोष्ट अशी की, नियम करणारा आणि न्याय देणारा एकच असू नये.

पटाच्या समित्यांनी हे ध्यानात घ्यावे. जोडी पटासाठी तयार करताना शेतकरी पोटाला चिमटा घेऊन तिला खुराक देतो. आयत्या वेळी, निकाल लागल्यावर, गावच्या वजनदार माणसाच्या शब्दावर त्याचा छकडा बाद झाला, तर त्याचे केवळ बक्षीस जात नाही; त्याचा पंचांवरील विश्वास जातो. लेखी नियमावली, धावण्यापूर्वी सर्वांसमक्ष तपासणी आणि दाद मागण्याची स्वतंत्र सोय, एवढ्या गोष्टींना लाखो रुपये लागत नाहीत. त्या झाल्या नाहीत, तर दीर्घ कायदेशीर लढ्यानंतर परत मिळालेला हा खेळ पुन्हा न्यायालयाच्या दारात उभा राहील आणि त्या वेळी दोष बैलांचा नसेल.